हाक आणि त्यापुढचे शब्द

“आवाज नक्की काय म्हणतो?” डॉक्टरांनी आमच्या यांना विचारलं. समोर एमआरआयची फिल्म लावली होती. कानाच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा पांढरा गोळा दिसत होता.

“माझं नाव घेतो. शांतवन.”

“आणि पुढे?”

“पुढे काही नाही. फक्त नाव. मग काहीतरी करपल्याचा वास येतो आणि लई भीती वाटते.”

मी चमकून यांच्याकडे पाहिलं. कारण आमच्या मुलीला यांनी त्या आवाजाची अख्खी वाक्यं सांगितली होती.

डॉक्टर समजावत होते. “हा मेनिंजिओमा आहे, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ. ती टेम्पोरल लोबला दाबतेय. आवाज, वास, आठवणी यांचा तो भाग. त्यामुळे फोकल सीझर येतात. ही एक प्रकारची फिटच, पण माणूस खाली पडत नाही.”

सुरुवात उन्हाळ्यात झाली होती. होटगीला रेल्वेत नोकरी करून हे निवृत्त झालेले. रविवारी चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचं काम यांच्याकडे. एका दुपारी जेवताना ताटावरून उठले. “कोण हाक मारतंय?” बाहेर कुणीच नव्हतं. असं वरचेवर होऊ लागलं. देवानं लहान शमुवेलाला नावानं हाक मारली, ती बायबलमधली गोष्ट यांनी मला वाचून दाखवली. खरं सांगते, मला अभिमान वाटला. जावेला फोन करून सांगितलंसुद्धा.

मग घरातलं वातावरण बदललं. हाक आली की यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. शमुवेलानं पहिल्यांदा ऐकलं ते त्याला सांभाळणाऱ्या एली याजकाच्या घराण्यावरच्या न्यायाबद्दल, म्हणजे देवाच्या शिक्षेबद्दल. हे तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाचू लागले. क्षमेची पानं उघडेनात. मी देवघरासारखं जपलेलं ते पुस्तक, त्याचीच मला धास्ती वाटायला लागली.

आमची स्नेहल. तिनं मिलिंदशी, एका बौद्ध घरातल्या मुलाशी, रजिस्टर लग्न केलं, तेव्हापासून हे तिच्याशी बोलत नव्हते. दिवस गेल्याचं सांगायला ती घरी आली. हे खुर्चीतून उठले नाहीत.

“देवानं मला सांगितलंय,” म्हणाले. “तुझ्या घरावर न्याय येणार. पोटातल्या जिवालाही सुटका नाही.”

पोर पाणीसुद्धा न पिता निघून गेली. नंतर प्रत्येक सोनोग्राफीआधी तिचा मला फोन यायचा. “मम्मी, पप्पा खोटं बोलत नाहीत की. खरंच ऐकलं असेल का गं?”

एका रविवारी पाठ वाचता वाचता हे मध्येच थांबले. ओठ नुसतेच हलत होते, बोटं सदऱ्याची गुंडी चाचपत होती. नजर कुठेच नव्हती. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी यांना हाताला धरून बसवलं आणि मला म्हणाले, “ताई, आधी डॉक्टरकडे न्या. प्रार्थना मी करतो.”

निदान झाल्यावरही हे गोळ्या घेईनात. “हाक थांबली तर? देवाचं तोंड मी बंद करू?”

पाळकसाहेब म्हणाले, “शांतवनराव, देवाला बोलायचं असेल तर तो एका गोळीनं अडायचा नाही.”

गोळ्या सुरू झाल्या आणि हाका विरळ झाल्या. तरी गाठ काढणं भाग होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यांनी स्नेहलला बोलावून घेतलं. मिलिंद वॉर्डाबाहेरच थांबला.

“हाक गाठीची होती का देवाची, मला कळत नाही,” हे म्हणाले. “पण पुढचं सगळं मी जोडलं. तो माझा राग होता. मला माफ कर.”

स्नेहल पोटावर हात ठेवून उभी होती. “पप्पा, उद्या तुमचं डोकं उघडणार. आज मी नाही म्हणू तरी कशी?”

“मग आज काहीच म्हणू नकोस. मी उठलो नाही तरी तुझ्यावर कसलाही न्याय नाही, एवढं ऐकून जा.”

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण थोडा भाग रक्तवाहिनीला चिकटला होता. तो तसाच ठेवावा लागला. पुढच्या महिन्यात पुन्हा एमआरआय आहे. हे कधी मान जरा कलती करून बसले की मी हातातलं काम टाकून यांच्याकडे बघायला जाते.

तुमच्या घरात कुणाला असा आवाज येत असेल तर हसू नका आणि लगेच पायाही पडू नका. डॉक्टरला दाखवा. आणि आवाज नेमकं काय म्हणाला, तेवढंच विचारा. मी ते विचारलं नाही. शमुवेल हाकेनंतर ऐकायला थांबला होता. आमच्या घरात कुणी थांबलंच नाही. आणि क्षमा मागितली की मिळतेच, असं मला आयुष्यभर वाटत होतं. देवाचं तसं असेल. माणसाला वेळ लागतो.

स्नेहलला मुलगी झाली. बाळ सुखरूप आहे. माफ केलं, असं स्नेहल अजून म्हणालेली नाही. परवा ती आली, बाळाला यांच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. मी दार लोटायला गेले, तर तिनं हातानं अडवलं. बाळ दिसेल एवढं दार उघडं ठेवलं आणि मग भाजी निवडायला बसली.

मी तेवढ्यासाठीही देवाचे आभार मानले.