क्वार्टरबॅकला दिलेला शब्द

बावन्नाव्या वर्षी मधुमतीकाकू मिनीबस चालवायला का शिकताहेत, हे मला कळत नव्हतं. घरात गाडी होती. तरी २००६च्या ऑक्टोबरात दर शनिवारी सकाळी काकू विद्यापीठाच्या कार पार्कमध्ये जायच्या आणि पंधरा-सोळा सीटांची बस प्लास्टिकच्या शंकूंमधून मागे घेत बसायच्या. पहिल्या परीक्षेत त्यांनी तीन शंकू पाडले आणि नापास झाल्या.

मी तेव्हा लेस्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं मास्टर्स करत होते आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहत होते. काकू मूळच्या पुण्याच्या, इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. शिवाय बुधवारी आणि रविवारी आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या कोच, तेही बिनपगारी. ऐंशीच्या दशकात हा खेळ टीव्हीवर दाखवायचे, तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन त्या तो बघायच्या. पुढे खांदा निखळलेला एक विद्यार्थी उपचाराला आला. तू फेकताना पाय चुकीचा टाकतोस, असं त्यांनी त्याला सांगितलं. त्याने त्यांना मैदानावरच नेलं. आधी त्या फर्स्ट एडची पेटी घेऊन उभ्या राहायच्या, मग कोच सोडून गेला आणि मुलांनी यांनाच धरलं. बॉल अंड्याच्या आकाराचा आहे म्हणून ही त्याच्यावर बसून असते, असं त्यांचे यजमान उल्हासकाका म्हणायचे.

माझ्याकडे व्हिडिओ कॅमेरा होता, म्हणून सरावाचं शूटिंग माझ्याकडे आलं. त्यामुळे त्या वर्षीची अडचण मला जवळून दिसली. ती होती क्वार्टरबॅकची. प्रत्येक डावात बॉल आधी त्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे तोच ठरवतो. टीममध्ये ही जागा एकाचीच.

दोन वर्षांपूर्वी कुशल नावाचा वॉटफर्डचा मुलगा पहिल्या वर्षाला आला होता. त्याला हॉकीवाल्यांनीही बोलावलं होतं. काकूंना पोरगा हवा होता. त्यांनी सांगितलं, थांब, तिसऱ्या वर्षी क्वार्टरबॅक तूच. कुशल थांबला. दोन वर्षं राखीव म्हणून बाजूला उभा राहिला, मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. आदल्या वर्षी टीमने आठपैकी एकच सामना जिंकला, तरी त्याने एकही सराव चुकवला नाही.

आणि आता तिसऱ्या वर्षी, नव्या विद्यार्थ्यांची क्लबांत नावं नोंदवण्यासाठी सप्टेंबरात भरणाऱ्या फ्रेशर्स फेअरमध्ये, ओहायोहून एका वर्षाच्या कोर्ससाठी आलेला ट्रॅव्हिस स्टॉलवर येऊन उभा राहिला. शाळेत चार वर्षं क्वार्टरबॅक होता. काकूंनी त्याला बॉल दिला. त्याने तो फेअरच्या गर्दीवरून असा फेकला की चेस क्लबच्या स्टॉलवरच्या माणसाच्या हातात तो अलगद पडला.

मी फिल्म पाहून आकडे काढले. वीस यार्डांपलीकडचे कुशलचे दहापैकी तीन पास पोचायचे, ट्रॅव्हिसचे सात. पण टीममधला कोण कुठे पळतो, कोण घाबरतो, हे कुशलला पाठ होतं. मी काकूंना सुचवलं की फिल्म कुशललाच दाखवा, त्यालाच ठरवू द्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "माझं काम मी त्याच्या अंगावर टाकू?"

मग त्यांनी त्याला सांगायला म्हणून घरी जेवायला बोलावलं. मसालेभात केला, श्रीखंड केलं, वाढत राहिल्या, आणि विषय काढलाच नाही. कुशल पोटभर जेवून, नमस्कार करून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा, रेखाताईंचा, वॉटफर्डहून फोन आला. कुशलला क्वार्टरबॅक केल्याबद्दल त्या आभार मानत होत्या. पहिला सामना बघायला त्या आणि कुशलचे वडील दोघं येणार होते, ट्रेनची तिकिटंही काढून झाली होती. एवढा पाहुणचार म्हणजे होकारच, असं त्या पोराने धरलं होतं. दुसरं काय धरणार?

काकूंनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, शनिवारची परीक्षा झाली की सांगते त्याला.

बसचा आणि कुशलला सांगण्याचा संबंध काय, हे मी तेव्हा विचारलं. बाहेरगावच्या सामन्यांना विद्यार्थी संघटनेची मिनीबस मिळायची, पण एकवीस पूर्ण झालेल्या आणि त्यांची परीक्षा पास झालेल्या माणसालाच. टीममध्ये असा एकटा कुशल होता. काकू म्हणाल्या, "त्याला क्वार्टरबॅक केलं असतं, तर दिलेल्या शब्दासाठी केलं की बससाठी, हे माझं मलाच कळलं नसतं. आणि नाही केलं, तर तो जायला मोकळा हवा."

शनिवारी त्या पास झाल्या. रविवारी सरावाआधी त्यांनी कुशलला गोलपोस्टपाशी बोलावलं. मी ट्रायपॉड लावत होते, दहा पावलांवर.

"ट्रॅव्हिस खेळेल," त्या म्हणाल्या. "तो तुझ्यापेक्षा चांगला फेकतो. मी तुला शब्द दिला होता. तो मी मोडतेय."

कुशलने हेल्मेट गवतावर ठेवलं. मग त्याच्या वॉटफर्डच्या मराठीत म्हणाला, "काकू, टू इयर्स मी वेट केला. आणि तुम्ही मला जेवायला बोलावला, तेव्हा पण नाही सांगितला."

"नाही सांगितलं. ती माझी चूक."

"आणि मी नाही आलो तर? बस कोण चालवणार?"

"मी."

"तुम्ही? पास झालात?"

"दुसऱ्यांदा बसले, तेव्हा."

तो हसेल असं मला वाटलं होतं. हेल्मेट उचलून तो कार पार्ककडे निघून गेला. त्याच्या आईवडिलांना तिकिटांचं काय सांगितलं, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

पहिला सामना बाहेरगावी होता. काकूंनी ताशी पन्नास मैलांच्या वर न जाता बस नेली. मागे पोरं कुरकुरत होती. ट्रॅव्हिसने थेट गुण मिळवून देणारे तीन टचडाऊन पास फेकले आणि आम्ही जिंकलो. परत येताना बस गाण्यांनी दणाणली होती. काकूंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण त्या गाडी चालवत होत्या म्हणूनही असेल.

त्यानंतरच्या तिसऱ्या बुधवारी कुशल सरावाला आला. त्याने बचावफळीत मागची जागा मागितली, जिथे समोरच्या क्वार्टरबॅकचे पास अडवायचे असतात. म्हणजे सरावात तो रोज ट्रॅव्हिससमोर उभा राहणार होता. पहिल्याच दिवशी त्याने ट्रॅव्हिसचे दोन पास हवेतच पळवले. आमचा प्रत्येक डाव त्याला तोंडपाठ होता. पण त्या दिवसापासून तो काकूंना बाकीच्यांसारखं "कोच" म्हणू लागला. वर्ष संपेपर्यंत त्याने "काकू" म्हटलेलं मी ऐकलं नाही.

त्याने माफ केलं का, असं मी एकदा काकूंना विचारलं. "त्याला ते विचारायचा हक्क मला नाही," त्या म्हणाल्या आणि पालकाची जुडी निवडत राहिल्या.

पुढच्या सप्टेंबरात ट्रॅव्हिस ओहायोला परतला होता आणि कुशल लंडनला नोकरीला लागला होता. मी प्रबंध देऊन मोकळी झाले होते, म्हणून काकूंसोबत स्टॉलवर बसले. डर्बीचा एक उंच मुलगा आला. त्याने बॉल उचलून लांबवर फेकला आणि विचारलं, मी क्वार्टरबॅक कधी होईन?

"सांगता येत नाही," काकूंनी त्याला इंग्रजीत सांगितलं. "कदाचित लगेच. कदाचित कधीच नाही. तुझ्यापेक्षा चांगला कुणी आला तर तो खेळेल, आणि ते मी तुला त्याच दिवशी सांगेन."

मुलाने थोडा विचार केला, थँक्स म्हणाला आणि समोरच्या रग्बीच्या स्टॉलवर जाऊन नाव लिहू लागला.

थोडं तरी गोड बोलायचं होतं, असं मी म्हणाले.

काकू त्या मुलाच्या पाठीकडे बघत होत्या. "खांदा मात्र फार चांगला होता गं त्याचा," त्या म्हणाल्या.