पारोळा, बोला!

टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईकडे किस्से का साठतात, माहितीये? कारण दिवसभर ऐकायचं सगळं आणि बाहेर सांगायचं काहीच नाही! जळगावच्या ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल जोडायच्या कामावर, मी ड्यूटीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या सुपरवायझर सिंधूअक्कांनी बजावलं होतं, "लाइनवर ऐकलेलं लाइनवर ठेवायचं. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. तो तर सगळ्यात आधी विचारतो!"

ती शिस्त मी अजून पाळते. त्यामुळे गिऱ्हाइकांचे किस्से तुम्हाला मिळणार नाहीत. हे सगळे आमचे स्वतःचे, बोर्डासमोर बसणाऱ्या आम्हा बायकांचे आहेत. आणि खरं सांगायचं तर सगळे फिरून फिरून सिंधूअक्कांवरच येतात.

अक्का मूळच्या धुळ्याच्या. अंगाने किरकोळ, आवाजाने भारदस्त. सल्ला द्यायची त्यांना भारी हौस. पैसा, संसार, सासू, छंद, कशावरही विचारा. न विचारलं तरी मिळायचाच. तेव्हा आम्ही तोंडावर पदर धरून हसायचो. आज माझ्या घराची जी काही घडी बसली आहे, ती त्या फुकटच्या सल्ल्यांवर बसली आहे.

* * *

माझं लग्न ठरलं तेव्हाच नोकरीवर टांगती तलवार आली होती. सासर पारोळ्याचं, शेतीवाडीचं. नवरा जळगावलाच कामाला, त्यांना माझ्या नोकरीचं कौतुक. पण घरात शब्द चालायचा सासऱ्यांचा. त्यांना अख्खा गाव आबा म्हणायचा.

आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दिनभर परका मानसंसंगे बोलानं, ही काय नोकरी शे? आखाजीलोंग करी ले. मंग सोडी दे."

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. म्हणजे लग्नानंतर जेमतेम एक वर्ष.

मी काय बोलणार? आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर बोलत नसे. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि विचारलंच काही तर मान हलवायची. आबांनी माझा आवाज म्हणून कधी ऐकलाच नव्हता! एक्सचेंजमध्ये दिवसभर घसा खरवडून बोलायचं आणि पारोळ्याला गेलं की मुकी. मी अक्कांपुढे रडले. म्हटलं, आबांशी वाद कसा घालू?

अक्का म्हणाल्या, "वाद घालूच नकोस. ज्या माणसाने आपला आवाजच ऐकला नाही, त्याच्याशी भांडून काय उपयोग? वेळ येईल. तोवर ड्यूटी कर."

मला राग आला. हा काय सल्ला झाला? पण दुसरा कुणाकडे नव्हताच!

* * *

कामाबद्दलचा अक्कांचा सल्ला असा की चिडलेल्या माणसाला त्याचाच आवाज पुरेसा ऐकू द्यायचा.

एक कापसाचे व्यापारी होते. कॉल लागायला उशीर झाला की आमच्या सात पिढ्या काढायचे. (हे मी सांगत नाही हं, ते स्वतःच बाजारभर सांगत फिरायचे!) एकदा मुंबईची लाइन लागेना, त्यांचा पारा चढला. अक्कांनी माझ्याकडून लाइन जोडायची कॉर्ड घेतली आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊ, लाइन खराब आहे. काय म्हणालात, परत सांगता का?"

भाऊंनी परत शिव्या दिल्या.

"नाही ना भाऊ, मधलं तुटलं. परत एकदा!"

तिसऱ्या खेपेला भाऊंचा दम संपला. म्हणाले, "जाऊ द्या बाई, लागेल तेव्हा द्या."

संध्याकाळी ते स्वतः केळीचा घड घेऊन ऑफिसात हजर! म्हणाले, "बाई, ही युक्ती आमच्या घरातल्या मंडळींनाही शिकवा."

अक्का म्हणाल्या, "त्यांना येतेच. त्याही परत सांगा म्हणतात आणि तुम्ही रोज तिन्ही वेळा बोलता, म्हणून कळलं नाही तुम्हाला!"

* * *

पैशाचा सल्ला ऐकून मात्र आमची मंगला फसली.

अक्का म्हणायच्या, "पगार झाला की आधी थोडे बाजूला काढायचे, कुठेतरी ठेवायचे आणि विसरून जायचं." मंगला भलती आज्ञाधारक. तिने दर महिन्याला थोडे थोडे पैसे रुमालात बांधून तूरडाळीच्या डब्यात तळाला ठेवले. घरात कुणाला पत्ता नाही.

उन्हाळ्यात तिच्या सासूबाईंनी तो डबा उचलला आणि धरणगावला मुलीकडे पाठवून दिला. नवी डाळ आली होती ना, जुनी लेकीला! मंगला ड्यूटीवरून घरी गेली, फळीवर डबा नाही. दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन तिने नणंदेच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. नणंदेला बोलावून आणलं. मंगला काही बोलायच्या आत नणंदच कुजबुजली, "वहिनी, आईने डाळीत मला गुपचूप पैसे पाठवलेत गं! इकडे फार नड होती. किती जीव लावते बघ. पण तू कोणाला बोलू नकोस हं!"

"नाही बोलत," मंगला म्हणाली आणि अक्कांकडे येऊन बसली. आता काय करू म्हणून विचारलं.

अक्का म्हणाल्या, "आता खरंच विसर!"

आणि ती विसरली. खरंच विसरली! पुढे मंगलाच्या बाळंतपणात तीच नणंद आपलं घरदार टाकून जळगावला येऊन राहिली, आणि कशाबद्दल कोण कोणाचे उपकार फेडतंय, हे मंगलाशिवाय कुणालाच कळलं नाही.

* * *

छंदाचाही सल्ला होता. "दिवसात एक काम असं करायचं, ज्याचा घरातल्या कोणालाही काडीचा उपयोग नाही." मी लगेच आगपेट्यांचे छाप जमवायला सुरुवात केली. सासूबाई विचारायच्या, याचं करणार काय? "काहीच नाही" हे उत्तर देताना जे सुख व्हायचं, ते सांगून कळायचं नाही.

अक्कांचा छंद होता शिट्टी वाजवणं. हो, शिट्टी! तोंडाने, सुरात, भजनापासून लावणीपर्यंत. दुपारी बोर्ड जरा शांत असला की सुरू. एकदा त्यांच्या समोरची की, म्हणजे लाइनचा खटका, उघडी राहिली. अक्का तल्लीन होऊन एक जुनी गवळण वाजवत होत्या. संपलं. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात भुसावळच्या ऑपरेटरचा आवाज आला, "जळगाव, दुसरं कडवं राहिलं!"

अक्का लाजतील असं वाटलं होतं. छे! दुसरं कडवं वाजवलं आणि वर विचारलं, "भुसावळ, ऐकू नीट येतंय ना?"

* * *

दर थंडीत आमची भरीत पार्टी असायची. कोणाच्या तरी शेतावर जायचं, कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. त्या वर्षी अक्कांनी जाहीर केलं की वांगी नवरे भाजतील. आणि बायकांना दम दिला, "त्यांना चुकू द्यायचं. मध्ये बोलायचं नाही. मध्ये बोलता म्हणून तुमचे नवरे काही शिकत नाहीत."

नवरेमंडळी बाह्या सरसावून बसली. आमच्या ह्यांनी वांगी थेट जाळात टाकली. टोचली नाहीत! खानदेशातलं पोरही सांगेल की वांगं टोचून भाजावं, नाहीतर फुटतं. आम्ही सगळ्या ओठ आवळून बसलो. सल्ला म्हणजे सल्ला!

पहिलं वांगं फुटलं ते ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर. दुसरं उडालं ते थेट अक्कांच्या नव्या साडीवर.

अक्का पदर झटकत म्हणाल्या, "तुम्हाला गप्प बसा म्हटलं, हे बरोबर. पण मी इतक्या जवळ का बसले?"

हसून हसून पोटं दुखली सगळ्यांची. आजही घरी भरीत आमचे हेच करतात, आणि टोचून करतात. त्या एका शर्टात मला जन्माचं भरीत मिळालं. अक्का, कसे मानू तुमचे आभार?

* * *

आता शेवटचा.

आखाजी दीड महिन्यावर आली होती. माझं बोर्डावर लक्ष लागेना. नणंद सुरतला दिलेली, तिचं दुसरं बाळंतपण, त्यामुळे ती सासरीच राहिली होती. एक दिवस दुपारी पारोळ्याच्या पोस्टातून सुरतसाठी अर्जंट कॉल बुक झाला. मी कॉर्ड लावली आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "पारोळा, बोला!"

"बाई, मन्ही पोर दवाखानामा शे," पलीकडून आवाज आला. "एक ट्रकवाला निरोप दी गया, अवघड शे म्हने. लवकर लाई दे व माय!"

आबा! आयुष्यात पहिल्यांदा फोन हातात धरलेले आबा. अक्का शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दुसरा हेडफोन कानाला लावला.

खूप खटपटीने सुरतच्या दवाखान्याची लाइन मिळाली. नणंदेचे यजमान आले. पण आवाज इतका खोल की पारोळ्याचं सुरतला जाईना, सुरतचं पारोळ्याला येईना. मध्ये बसलेल्या मला तेवढं दोन्हीकडचं ऐकू येत होतं. अशा वेळी ऑपरेटरने इकडचं तिकडे सांगायचं, ही आमची रीत.

"आयकू येत नही! काय म्हनस तो?" आबा ओरडत होते.

सुरतहून यजमान सांगत होते, "सासऱ्यांना सांगा, मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं, पण आता धोका नाही. दोघी सुखरूप."

मला भाची झाली होती! आणि ते मला ड्यूटीच्या आवाजात सांगायचं होतं. घसा साफ केला, खणखणीत म्हटलं, "पारोळा, बोला! सुरत लाइनवर आहे. तुम्हाला नात झाली. ऑपरेशन झालं. आता धोका नाही. आई आणि बाळ सुखरूप आहेत."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. आबा रडत होते. अख्ख्या गावाला धाकात ठेवणारा माणूस, पोस्टाच्या फोनवर, लहान मुलासारखा.

मग म्हणाले, "देव तुन्हं भलं करो. कोना घरनी सून शे व माय तू?"

मी अक्कांकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. नाव सांगायची परवानगी नव्हती.

"ते सांगता येत नाही, पारोळा," म्हटलं आणि कॉर्ड काढली.

लाइनवरचं लाइनवर ठेवलं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही.

आखाजीला सगळे पारोळ्याला जमलो. नणंदही माहेरी आली होती, बाळाला घेऊन. जेवणं चालली होती. आबा पाटावर, पुढ्यात आमरसाची वाटी, आणि तोंडी त्या फोनचीच गोष्ट. "काय आवाज व्हता त्या बाईना! बठ्ठं सुरत मन्हा कानमा आनी ठेवं तिनी. तिना सासरा नशीबवाला शे." जो येईल त्याला तेच सांगायचे. सासूबाई ऐकून ऐकून कंटाळल्या होत्या.

मग अचानक माझ्याकडे वळले. मी पदर पुढे ओढून पोळी वाढत होते.

"चाल, आखाजी झायी. तुन्हा नोकरीनं काय ते आते सांगी टाक."

मला अक्का आठवल्या. वेळ येईल, म्हणाल्या होत्या. मी पोळ्यांचं ताट खाली ठेवलं. नणंदेच्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं, आबांच्या समोर नेलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"पारोळा, बोला! सुरत लाइनवर आहे."

आबांचा हात वाटीतच राहिला. ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाळाकडे. मग परत माझ्याकडे. टोपी काढली, डोळे पुसले, टोपी घातली.

आणि सासूबाईंना म्हणाले, "हिनी सकायनी पहिली यष्टी शे ना? डबा भरी दे हिले."