रिव्हॉल्व्हर पाहण्याचा कार्यक्रम

माझ्या मामेसासऱ्यांना आजवर कोणत्याही दुकानदाराने काहीही विकलेले नाही. त्यांनी ज्या वस्तू घेतल्या त्या त्यांच्या त्यांनी घेतल्या. दुकानदार फक्त साक्षीला हजर होता. उमरेडजवळच्या कोळसा खाणीत त्यांनी उभी नोकरी भांडार सांभाळण्यात काढली. नटबोल्टपासून गमबुटापर्यंत जे जे खाणीत उतरले ते आधी मामाजींच्या हाताखालून गेले, आणि त्यांनी ठोकून, वाकवून, प्रसंगी हुंगून ज्याला नापास केले ते आल्या वाटेने परत गेले. निवृत्तीनंतर माणसे हास्यक्लबात नाव घालतात किंवा आत्मचरित्र लिहितात. मामाजींनी नागपूरचा बाजार तपासायला घेतला. कूलर घ्यायचा होता तेव्हा ऐन एप्रिलात जरीपटक्यातल्या एका दुकानात ते बनियनवर, चालू कूलरसमोर खुर्ची टाकून अख्खी दुपार बसून होते. दुकानदाराने चहा विचारला तर म्हणाले, "चहा नको. घाम आला तर तुमच्या कूलरचा आहे का चहाचा, समजनार नाही." मिक्सर घ्यायला ते भिजवलेली उडदाची डाळ डब्यातून घेऊन गेले होते. हेल्मेट विक्रेत्याच्याच डोक्यावर चढवून त्यांनी वरून बोटाच्या पेराने ठोकले आणि आतल्या माणसाची विचारपूस केली. माझे लग्न ठरत होते तेव्हा मुलीकडून मला पाहायला मामाजीच आले होते. त्यांनी मला जिना चढून उतरायला लावले. कारण अजून कळलेले नाही, पण मी पास झालो.

पण मामाजींचा अधिकार तपासणीपुरता. भाव मामींकडे. ही वाटणी त्यांच्या संसाराच्या पहिल्या दिवसापासूनची आहे आणि तिचे उल्लंघन मी कधी पाहिलेले नाही. वस्तू पसंत पडली की मामाजी एक पाऊल मागे येत आणि पारशिवनीकडच्या शेतकरी घरातून आलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या मामी एक पाऊल पुढे जात. किंमत ऐकून त्या ती वस्तू हलकेच खाली ठेवत, जणू तिचे प्राण नुकतेच गेले आहेत. मग उठत, पदर सावरत आणि चालू लागत. मागे वळून पाहायचे नाही हा त्यांचा नियम. दोन दुकाने ओलांडायच्या आत मागून हाक येई. ती आली नाही असे कधी झाले नव्हते.

आणि मग एका सकाळी विहारातून वंदना करून परतताना मोटरसायकलवरच्या दोघांनी मामींच्या गळ्यातली पोत ओढून नेली. मानेवर ओरखडा उठला. तो आठवड्यात बरा झाला. मामी मात्र फाटकाबाहेर पडेनाशा झाल्या. सोन्याचे त्यांना काही वाटले नसावे, त्याविषयी त्या कधी बोलल्याही नाहीत. विहार सुटला, बाजार सुटला. भाजी दारावरच्या ठेल्यावरून येऊ लागली आणि ठेलेवाला सांगेल त्या भावाने घेतली जाऊ लागली. हे मला ओरखड्यापेक्षा गंभीर वाटले. रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला की त्यांचा हात गळ्याकडे जाई आणि पदराची मूठ वळे. "मी आहे ना सोबत, चाल वं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ," असे मामाजी रोज म्हणत. एक दिवस मामी म्हणाल्या, "तुमी असून काय करान? त्यायची मोटरसायकल ठोकून पाहान?"

हे मामाजींना लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन करून जाहीर केले, "जवाईबापू, मी रिव्हॉल्व्हर घेऊन राहिलो."

नागपुरात मी रिव्हॉल्व्हर पुष्कळ पाहिली आहेत, बहुतेक लग्नांत. ती ठेकेदार आणि माजी-भावी नगरसेवक यांच्या कमरेला, पोटाच्या खालच्या अंगाला असतात. आधी पोट काढून ठेवल्याशिवाय ती बाहेर निघणे अशक्य असते. जेवणाच्या रांगेत वाकताना शर्ट वर सरकावा आणि चार माणसांना मूठ दिसावी, एवढेच त्यांचे काम. मामाजी त्या जातीचे नव्हते. मामींनी पहिला अडसर घातला तो धम्माचा. "रोज सकाळी पंचशील म्हनता. पहिलं शील कोनतं? जीव घेनार नाही म्हनता ना?" मामाजी म्हणाले, "जीव कोन घेऊन राहिलं? दाखवायचं आहे फक्त." "मंग खेळण्यातलं आना, स्वस्त पडन." "काहून? मी कदी नकली वस्तू घरात आनली काय?" खरेच आणली नव्हती.

लायसन्सला किती हेलपाटे पडले ते सांगत नाही. त्या कचेरीतही माणसेच बसतात. एवढेच म्हणतो, की शेवटी लायसन्स मिळाले ते जिवाला असलेल्या धोक्यामुळे की मामाजींच्या विचारपुशीला कंटाळून, याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत. चौकशीला आलेल्या हवालदारालाच त्यांनी त्याच्या कमरेचे हत्यार किती दिवसांनी पुसतो, तेल कोणते घालतो, हे विचारले. प्रशिक्षणाच्या वर्गात पहिली गोळी झाडल्यावर सगळ्यांनी लक्ष्याकडे पाहिले, मामाजींनी बंदुकीकडे.

आता प्रश्न उरला कोणते घ्यायचे याचा. पेन्शन बेताची, आणि परवान्यावरची हत्यारे आपल्याकडे परवडण्यासाठी बनवलेली नसतात. परदेशी बनावटीचे जुने घ्यावे तर तेवढ्या पैशांत शहराबाहेर बेसाकडे छोटासा प्लॉट येतो. एका पुतण्याने देशी कट्टा सुचवला तेव्हा मामाजी त्याच्यावर असे उखडले की तो जेवायलाही थांबला नाही. "बेकायदा तर आहेच. वरून ते एकदाच चालते, अन् कोनाकडं चालते ते त्यालेही माहीत नसते!" पिस्तूल त्यांनी विचारपूर्वक नाकारले. "त्याच्यात खटका, मॅगझिन, स्प्रिंग. जितके पुर्जे तितके रुसवे. अडकलं तर मी रस्त्यात खोलत बसू? रिव्हॉल्व्हरचं कसं, एक गोळी फुसकी निघाली तर घोडा पुन्हा दाबा, दुसरी हजर." हे मला तेव्हा गमतीचे वाटले, नंतर एका जाणकाराला विचारले तर तो म्हणाला, म्हातारा बरोबर बोलतो. तेव्हा ठरले ते असे: सरकारी कारखान्याचे बत्तीस बोरचे रिव्हॉल्व्हर, वापरलेले पण जपलेले.

पहिल्या दुकानात मी बरोबर होतो. लायसन्स पाहून दुकानदाराने हिरव्या मखमलीवर एक रिव्हॉल्व्हर ठेवले. कोण्या वारलेल्या गृहस्थाचे होते. मुलांना नको म्हणून विकायला आले होते. मामाजींनी ते उजेडाकडे धरून नळीत पाहिले. गोळ्यांचे चाक कानाशी लावून फिरवले, प्रत्येक खटका सारखाच वाजतो का ते ऐकले. चाक बोटांत धरून हलवून पाहिले, डुलत नव्हते. मुठीच्या स्क्रूवर नख फिरवले. मग चष्मा काढून म्हणाले, "चांगलं आहे. चालवून दाखवा."

"यहाँ?" दुकानदार म्हणाला. "काकाजी, ये रिव्हॉल्वर है, खरबूजा नहीं. काप के नहीं दिखा सकते."

"मी मिक्सर चालवून घेतला होता."

"मिक्सर से कोई मरता नहीं."

"तुमी आमच्या मिक्सरची चटनी खाल्ली नाही. बरं, गॅरंटी किती वर्षांची? ऐन वेळेवर नाही चाललं तर?"

"ऐन वक्त पे नहीं चला तो काकाजी, आप शिकायत करने आएँगे ही नहीं."

मामाजींनी हे मनावर घेतले नाही. उत्तर तर्कशुद्ध होते, आणि तर्कशुद्ध माणसाविषयी त्यांना आदर आहे. रिव्हॉल्व्हर त्यांना मनापासून पटले होते. त्यांनी किंमत विचारली, दुकानदाराने सांगितली, आणि सवयीने मामाजी एक पाऊल मागे आले. मागे कोणी नव्हते. पुढे जाणारेच माणूस नव्हते. इतका गोंधळलेला माणूस मी भर बाजारात पाहिलेला नाही. "उद्या येतो," एवढेच ते म्हणाले.

घरी मामींनी स्वयंपाकघरातून विचारले, "भेटलं?" मामाजींनी भेटले म्हणून सांगितले, आणि किंमतही सांगितली. आत भांडे ठेवल्याचा आवाज झाला. मामी बाहेर आल्या.

"कितीले?"

मामाजींनी पुन्हा सांगितले.

"वापरलेल्याचे? मेलेल्या मानसाच्या? अन् तुमी काय म्हटलं?"

"काई नाही. उद्या येतो म्हटलं."

"उद्या येतो म्हटलं!" मामी माझ्याकडे वळल्या. "पाहा जवाईबापू. ह्यायच्या तोंडाकडं पाहूनच त्यानं भाव सांगतला असन. गोळ्या त्याच्यातच ना?"

"गोळ्या वेगळ्या," मी भीत भीत म्हणालो.

"वेगळ्या! मंग नुसतं ते रिकामं कायले देऊन राहिला तो?"

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा मामी बाहेर जायचे लुगडे नेसून पडवीत बसल्या होत्या. पदर गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेला, त्याची मूठ घट्ट. चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांत राग होता. मी गाडीचे दार उघडले. त्या फाटकाशी थांबल्या. मामाजींनी फाटक मागेपुढे हलवून पाहिले, बिजागरीला तेल हवे म्हणाले, आणि तेवढ्यात मामी गाडीत येऊन बसल्या.

दुकानात त्या मखमलीजवळ गेल्या. "काळं पडलं आहे," त्या म्हणाल्या. दुकानदार म्हणाला, काकू, तो रंगच असतो. "कोनाचं होतं? त्यानं चालवलं होतं काय कदी?" नाही म्हणाला, कपाटातच होते. "म्हनजे चालते का नाही तुमालेही माहीत नाही." मामाजी माझ्या कानाशी म्हणाले, "हे मले सुचलंच नाही." मामींनी रिव्हॉल्व्हर हातात घेतले. दोन्ही हात लागले. पदराची मूठ सुटली. "बाप्पा, किती जड! हे कमरेले बांधून चालान तुमी? पोत गेली ते गेली, आता रस्त्यात तुमची पँट नको जायले." दुकानदार हसला, पण भावावरून तसूभर हलला नाही. मामींनी ते हलकेच खाली ठेवले, उठल्या आणि चालू लागल्या.

बंदुकीचे दुकानदार मागून हाक मारत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दोन दुकाने गेली, चार गेली. मागे वळून पाहायचे नाही हा नियम. हाक आता येईल, मग येईल म्हणून मामी चालतच राहिल्या. मामाजी त्यांच्या दोन पावले मागे आणि मी त्यांच्या मागे. तो रस्ता सीताबर्डीच्या गर्दीत उतरतो. तिथे मोटरसायकली अंगाला घासून जात होत्या. एक जवळून गेली तशी मामी दचकून थांबल्या, हात गळ्याकडे गेला. पण नेमक्या त्या थांबल्या होत्या एका मिरचीवालीसमोर, आणि मिरचीवालीने भाव सांगितला. भाव करायला मामींना दोन्ही हात लागतात. मामाजींनी माझा दंड धरला. "थांबा," ते हळूच म्हणाले. "मधात जाऊ नका." आम्ही दोघे एका चपलांच्या दुकानापाशी उभे राहून पाहत होतो. मामाजींनी तिथल्या एकाही चपलेला हात लावला नाही.

त्यानंतर रिव्हॉल्व्हर पाहण्याचा कार्यक्रम नियमित होऊ लागला. एकाचा घोडा कडक, एकाची मूठ गुळगुळीत, एकाच्या नळीत मामाजींना असा गंज दिसला जो दुकानदाराला भिंग लावूनही दिसला नाही. चुकून काही पसंत पडलेच तर मामी भावावर उठून चालू लागत, आणि दोघे संध्याकाळी भाजी घेऊन, वाटेत विहारात जाऊन परतत. लायसन्सवर हत्यार घ्यायची मुदत असते. मामाजींनी ती वाढवून घेतली. "योग्य वस्तू भेटून नाही राहिली," ते मला म्हणाले. खाणीला लागणारी दोरी एका सकाळी पास करणारा हा माणूस! मी त्यांच्याकडे निरखून पाहिले. ते दुसरीकडे पाहत होते. मामींना किती कळले होते, कोण जाणे. गुडघे दुखतात म्हणून त्या हल्ली हळू चालतात, आणि मामाजीही मग त्याच चालीने चालतात.

मागच्या रविवारी माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याने सांगितले, की त्याला आपले रिव्हॉल्व्हर काढून टाकायचे आहे. बत्तीस बोर, सरकारी कारखान्याचे, नीट ठेवलेले. सांगायला लाज वाटेल इतक्या कमी किमतीत तो ते लायसन्स असलेल्या भल्या माणसाला द्यायला तयार होता, आणि शिवाय रीतसर मैदानावर नेऊन झाडूनही दाखवणार होता. यात नाव ठेवायला जागाच नव्हती. मी तडक मामाजींकडे गेलो.

फाटकाला कुलूप होते. मी आलो आणि त्या घराला कुलूप, असे इतक्या वर्षांत झाले नव्हते; पोत गेल्यानंतरची दोन वर्षे तर ते लागण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. "दोघं सकाळीच गेले यष्टीनं, उमरेडले," त्या म्हणाल्या. "तिथं कोनाकडं पिस्तूल का काय आहे म्हने. मामीबाईच घाई करत होत्या, खिडकीची जागा नाही भेटत म्हनून."

मी फाटकावरून डोकावलो. आत अंगणात दोरीवर मामींचे लुगडे वाळत होते.

"काही निरोप सांगायचा आहे काय?" बाईंनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."