साडीआडचे वाफे

मेथी उगवली नाही म्हणजे काय गुन्हा झाला का? मी तेव्हाही हेच विचारत होते आणि आजही विचारते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या अंगाला आमची गिरणीतल्या कारकुनांची वसाहत होती. त्या अख्ख्या वसाहतीत मी एकटीच अशी बाई, जिनं चारचौघांत सांगितलं की माझ्या वाफ्यात काही येत नाही. बाकी सगळ्यांच्या वाफ्यांत म्हणे नंदनवन फुललं होतं! त्या नंदनवनाची गोष्ट सांगितल्याशिवाय माझा राग उतरायचा नाही.

बहात्तरचा दुष्काळ आम्ही रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन काढला. हिरवी भाजी नजरेला पडत नव्हती. पुढं पाऊसपाणी जरा सुधारलं, तेव्हा वसाहतीच्या कमिटीनं घरांमागची मोकळी जागा आखली आणि घरटी एक वाफा वाटून दिला. वाफा म्हणायचा, पण चांगला दोन खोल्यांएवढा तुकडा होता. कोपऱ्यात एक जुनी, कुणी न वापरलेली विहीर होती, तिच्यावर गिरणीनं मोटार बसवून दिली. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे गिरणीच्या स्टोअरमधले हेडक्लार्क. त्यांनी नारळ फोडला आणि जाहीर केलं, "आता आपल्या वसाहतीनं मंडईची पायरी चढायची नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी. माझं माहेर वैरागकडचं, शेतीवाडीचं. भाजी लावणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मला वाटत होतं.

आता खरं काय झालं ते ऐका. मेथी दोन पानांवर आली आणि पिवळी पडून बसली. वांग्याची पानं कडेकडेनं करपली. भोपळ्याच्या वेलाला फुलंच फुलं, फळ एक धरलं नाही. दोडका धरला, पण इतका कडू की दारात येणाऱ्या गाईनंही तोंड फिरवलं. यातल्या काही चुका माझ्याच होत्या. फ्लॉवरचं बी मी पाकिटावरच्या चित्राला भुलून ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पेरलं. आमच्या ह्यांनी गिरणीतला कापसाचा कचरा पोत्यानं आणून खत म्हणून पसरला. तो काही कुजला नाही, भिजलेल्या गादीसारखा तसाच पडून राहिला.

पण सगळाच दोष आमचा नव्हता. पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी वाफ्याच्या कडेनं पांढरा खार फुटायचा. मी बोटावर घेऊन चाखून बघितला, जिभेला झोंबला. विहिरीचं पाणी तोंडात धरलं तर मचूळ. रोज असलं पाणी पाजल्यावर मेथी पिवळी पडेल नाही तर काय! हे मी पहिल्याच हिवाळ्यात नळावर सगळ्यांना सांगितलं. सगळ्या एकमेकींकडं बघून हसल्या. "अगबाई, आमच्याकडं तर छान येतंय की!"

छान येतंय, पण ते दिसणार कसं? प्रत्येकीनं आपापल्या वाफ्याभोवती बाभळीच्या काठ्या रोवून जुन्या साड्या बांधल्या होत्या. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून! कुणाच्या साडीआड डोकावायचं नाही, हा अलिखित नियम झाला होता. लांबून बघितलं तर सगळं मैदान रंगीबेरंगी, मधे माझा एकटीचा वाफा उघडाबोडका. माझ्या सासूबाईंना मी अत्ती म्हणायची, त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी मुलखातलं. त्या माझ्यामागं लागल्या होत्या, "एक जुनं लुगडं बांध की गं." मी म्हटलं, "अत्ती, दृष्ट लागायला आत काहीतरी असावं लागतं."

मग वानोळे सुरू झाले. घरच्या नव्या भाजीतला पहिला वाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचा, ही आपली जुनी रीत. चांगलीच आहे. रुमाल झाकून ताट यायचं, आत मेथी, वांगी, कोथिंबीर. आणि आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नाही, हीसुद्धा रीतच. मी ताटात वाटीभर साखर घालायची आणि सरळ सांगायची, "आमच्यात काही आलं नाही, म्हणून साखर घातली." शेजारच्या वहिनींनी डोळे मोठे केले. "असं तोंडानं म्हणू नये हो. वास्तू तथास्तु म्हणते." आता वास्तू काय म्हणायची ती म्हणो, मेथी नाही तर नाही!

एकदा मी त्याच वहिनींची मेथी निवडायला बसले आणि माझा हात थांबला. मुळांना काळी माती होती. चिकट, काळीभोर. आमच्या मैदानाची माती पांढरट, मुरमाड, मुठीत धरली तरी भुरूभुरू सांडणारी. ही काळी माती मी जन्मापासून ओळखते, माझ्या माहेरच्या बाजूची. म्हणजे मेथी सरळ मंडईतून आलेली! मी पुढचा वानोळा तपासला, त्याच्या पुढचा तपासला. सगळीकडं तीच काळी माती. नळाला येणाऱ्या बायका, ज्या मला शेती शिकवत होत्या, त्या पहाटे मंडईत जाऊन पिशव्या भरून आणत होत्या आणि साडीआडून बाहेर काढत होत्या. खोटेपणाला काही सुमार?

मला गप्प बसता आलं असतं. पण तो स्वभावच नाही. मी वहिनींना तोंडावर विचारलं, "वहिनी, तुमच्या वाफ्यात काळी माती कधी टाकली हो?" त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हसतील आणि कबूल करतील, मग आपण सगळ्या मिळून पाण्याचं काहीतरी बघू. कसलं काय! दुसऱ्या दिवसापासून वसाहतीत वेगळंच सुरू झालं. माझ्या हाताला गुण नाही म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, कूस उजवली नाही. जिच्या घरात पाळणा हलत नाही, तिच्या हातची मेथी कशी उगवणार?

हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हात पिठात तसेच राहिले आणि तव्यावरची भाकरी जळाली. मी पाण्याबद्दल बोलत होते आणि ह्या बायकांनी विषय नेऊन ठेवला माझ्या पोटावर! पुढं एका घरी डोहाळजेवण होतं. मी ओटी भरायला पुढं झाले, तर एकीनं गोड हसून माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "तुम्ही बसा हो, दमला असाल." मी काय दमले होते? मी घरी येऊन मोरीत बसून रडले. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तू जरा कमी बोलत जा." म्हणजे चूक माझ्याच तोंडाची!

त्याच आठवड्यात मी दळण घेऊन आले, तर अत्ती स्वयंपाकघरात ताट सजवत होत्या. वर रुमाल. मी विचारलं, "कुणाकडं?"

"अध्यक्षांच्या घरी," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "तुझ्या वाफ्यातली पहिली मेथी."

मी रुमाल ओढला. काळी माती! माझ्याच घरात! माझं डोकंच फिरलं. "अत्ती, तुम्हीपण?"

"मग काय करू गं? लोक काय बोलालेत, ठावं हाय का तुला?" त्यांचा आवाज फुटला. "तुझं तोंड फाटकं, म्हणून मला झाकावं लागालंय. तुझं नाव राखालेय मी."

"माझं नाव मंडईतल्या मेथीनं राखायचं?" मी ताट उचललं आणि ती मेथी रागारागानं घरातच परतून टाकली. चांगली झाली होती, ते मात्र कबूल करायला हवं. त्या दिवशी अत्ती बाहेरच्या खोलीत जपाची माळ घेऊन बसल्या होत्या, पण मणी काही पुढं सरकत नव्हता.

उन्हाळा जवळ आला तशी कमिटीनं एका रविवारी सकाळी विहिरीजवळ सभा घेतली. पाणी कमी पडणार होतं. ज्यांचे वाफे चालत नाहीत ते काढून घ्यायचे आणि ज्यांचे चालतात त्यांना जोडून द्यायचे, असा विचार. अध्यक्ष म्हणाले, "सगळे वाफे उत्तम आहेत. एक सोडून." आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझा वाफा जाणार होता. तेही चाललं असतं एक वेळ, पण तो माझ्या हाताच्या दोषानं गेला असं कायमचं ठरणार होतं, ते मला सहन होईना.

मी उभी राहिले. "दोष पाण्याचा आहे. मचूळ पाणी आहे."

"हे बघा वहिनी," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "पाणी सगळ्यांना एकाच विहिरीचं. मग ते नेमकं तुमच्याच वाफ्याला कसं बाधतं?"

एवढी माणसं बसली होती, एकीनं तरी म्हणावं, आमच्याकडंही असंच आहे. बोलल्या त्या शेजारच्या वहिनी, पदर सावरून, अगदी हळू आवाजात. "मी काय म्हणते, पुढच्या पेरणीला लेकुरवाळीच्या हातानं बी टाकू या. एकीच्या हाताचा दोष सगळ्यांना कशाला?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे आपल्या चपलांकडं बघत होते. मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं, माहेर सोडलं त्या दिवशीसुद्धा नाही.

तेवढ्यात माझ्यामागून अत्ती उठल्या. आधी मला वाटलं, घरी निघाल्या. त्या वाफ्यांकडं निघाल्या होत्या. पहिलीच निळी साडी अध्यक्षांच्या वाफ्याची. अत्तींनी दोन्ही हातांनी ती धरली आणि काठीसकट ओढून काढली.

"अय्य शिवा! बघा की! या, बघा!"

आत पांढरा खार फुटलेली जमीन होती आणि वांग्याच्या वाळक्या काड्या. अत्ती थांबल्या नाहीत. दुसरी साडी, तिसरी साडी. वहिनींच्या वाफ्यात मेथी नव्हतीच, गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. एकीच्या वाफ्यात मोडकी सायकल टेकून ठेवलेली. काठ्या कडाकडा मोडत होत्या, अत्तींचा पदर खांद्यावरून घसरला होता, आणि इतक्या माणसांत एकाचीही त्यांना अडवायची हिंमत झाली नाही. सगळ्या साड्या जमिनीवर पडल्या तेव्हा मैदानात कुठंच हिरवं दिसत नव्हतं. माझा एकटीचा वाफा उरला होता, त्यात निदान चार गवारीची झाडं तरी उभी होती.

अत्ती धापा टाकत परत आल्या. वहिनींसमोर उभ्या राहिल्या. "किती लेकरं तुला? चार ना? मग कुटं हाय तुझी मेथी?" मग सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "आन् मीबी सुनंच्या नावानं मंडईतलीच मेथी वाटणार हुते. ह्या पोरीनं वाटू दिली न्हाय. हितं खरं बोलणारी ही एकटीच. आता काय बोलायचं ते बोला."

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "पाण्याचं बघायला पाहिजे." बघायला पाहिजे! मी दोन हिवाळे तेच सांगत होते!

पण मग बघितलं गेलं. सगळ्यांनी मिळून गिरणीकडं मागणी केली, मैदानात नळाची लाईन आली, विहिरीची मोटार काढून नेली. एका पावसाळ्यात खार धुऊन गेला आणि पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांच्या वाफ्यांत मेथी आली, माझ्याही. पेरणी ज्यानं त्यानं आपल्या हातानं केली. साड्या कुणी परत बांधल्या नाहीत. माझी माफी मात्र एकानंही मागितली नाही. जसं काही झालंच नव्हतं.

आणि एका सकाळी शेजारच्या वहिनी दारात हजर. हातात झाकलेलं ताट. मी रुमाल काढून बघितला, मुळांना आमचीच पांढरी माती होती. खरा वानोळा. माझा राग थोडा वितळला, खोटं कशाला सांगू. मी ताट घेतलं. तेवढ्यात वहिनी प्रेमानं म्हणाल्या, "बघा, वाफ्याला गुण आला. आता तुमचीही कूस उजवेल."

प्रेमानंच म्हणाल्या. म्हणून तर जास्त लागलं. म्हणजे इतकं होऊनही वहिनींच्या डोक्यातली माझी मेथी आणि माझं पोट काही वेगळं झालं नव्हतं!

"वहिनी," मी म्हटलं, "मेथी नळाच्या पाण्यानं आली. माझ्या पोटाचा तिच्याशी काही संबंध नाही, तेव्हाही नव्हता."

मी मेथी सुपात काढून घेतली आणि ताट तसंच पुढं केलं, रिकामं. वहिनींनी ते लगेच घेतलं नाही. त्या माझ्यामागं उभ्या असलेल्या अत्तींकडं बघत राहिल्या. रीतीप्रमाणं अत्ती साखरेचा डबा घेऊन आल्या होत्या, झाकण उघडलेलं होतं. अत्तींनी माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, आणि डब्याचं झाकण घट्ट लावून टाकलं.

मला पुढंही मूल झालं नाही. ते मी कधी कुणापासून लपवलं नाही, आणि त्यासाठी कुणासमोर मानही खाली घातली नाही.