उदाहरण म्हणून उभा

"सर, तुम्ही जरा उभे राहा."

मी उभा राहिलो. अर्जुनी मोरगावला आम्हा प्राथमिक शिक्षकांचं इंग्रजीचं प्रशिक्षण होतं. शिकवणारे साहेब पुण्याहून आलेले. फळ्यावर त्यांनी तीन शब्द लिहिले होते. थिन, स्लिम, स्किनी.

"तिन्हींचा अर्थ बारीकच. थिन म्हणजे नुसता बारीक. स्लिम म्हणताना कौतुक असतं. स्लिम म्हणजे मी. आणि स्किनी..." त्यांनी खडू माझ्याकडे रोखला. "हे सर. हाडं मोजून घ्या."

सभागृह हसलं. मागून कोणी म्हणालं, "वहिनी जेवाले नाही देत का गा, गुरुजी?"

मीही हसलो. त्याचीच जास्त लाज वाटते. माझी माय दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोपं लावायची, रोवणा करायची. घरच्या पेजेत तांदूळ कमी, पाणी जास्त. ही हाडं तिथली. तरी हसलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच शब्द घेतले. थिन झाला, स्लिम झाला. स्किनीचा अर्थ सांगितला, हाडकुळा. आणि शेवटच्या टाटपट्टीवरची मुलगी उठून उभी राहिली. जंगलाकडच्या टोलीवरून, चार घरांच्या वस्तीवरून चालत येणारी. हाताची घडी, नजर खाली. मी तिला उठवलं नव्हतं.

"बस, माय."

"काऊन, गुरुजी? मीच आहो ना?"

बारीक शिकवताना मी तिलाच उभं करायचो. काळा शिकवताना तिलाच. पोरं हसायची, शब्द लक्षात राहायचा. मला ती चांगली पद्धत वाटायची.

पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रशिक्षण.

"आपले स्किनी सर कुठे आहेत? उभे राहा."

"नाही राहत," मी बसूनच म्हणालो. "शब्द शिकवा. माणूस नका दाखवू."

"सर, सेन्सिबल व्हा. इतके सेन्सिटिव्ह नका होऊ."

पुन्हा हशा. समजूतदार म्हणजे हसणारा, हळवा म्हणजे न हसणारा. त्यांच्या लेखी फरक एवढाच. मी हसलो नाही. उठलोही नाही.

ती पोरगी अजूनही फळ्यावर नवा शब्द आला की अर्धी उठते. ती सवय मीच लावली. रोज तिला बस म्हणतो. थकतो. पण माझ्या वर्गात आता उदाहरण म्हणून कोणी उभं राहणार नाही. त्यांच्या सभागृहात मीही नाही.