शून्य वाऱ्याचे दोन दिवस

वारा मोजायच्या यंत्राला जावयाने सुतळी बांधली, आणि तीही दुपारची झोप नीट लागावी म्हणून. डोंगराच्या अगदी माथ्यावर एका खोलीचं हवामान ठाणं होतं. दारापुढे खांब, खांबावर चार वाट्या. त्या अखंड करकरत फिरायच्या. सत्तावीस वर्षं तिथे नोंदी ठेवणाऱ्या सासूबाई दाढ काढायला खाली गेल्या होत्या. जावई शिकलेला, म्हणून दोन दिवस वही त्याच्या ताब्यात. दर तीन तासांनी तो खांबाच्या बुडाशी तबकडी बघायचा आणि काटा जिथे दिसेल ते अगदी प्रामाणिकपणे लिहायचा आणि फोनवरून खाली कचेरीत कळवायचा: शून्य. तोवर त्याचा वाळत घातलेला शर्ट दरी ओलांडून गेलाही होता.

तिसऱ्या दिवशी सुजल्या गालाच्या सासूबाई वर पोचल्या. मागोमाग धापा टाकत हवामान कचेरीचे साहेब. त्यांच्या खिशात ठाणं बंद करायचा हुकूम.

"माथ्यावर वारा शून्य? घरी बसून आकडे टाकता काय, बाई?"

सासूबाईंनी खांबाकडे पाहिलं, मग जावयाकडे. जावई आपल्या बुटांचं निरीक्षण करू लागला.

साहेब आत जाऊन खुर्चीत टेकले. "बरं, जाऊ द्या. दोन दिवसांचे अंदाजे आकडे भरा, मी हुकूम फाडतो."

"अंदाजे? बघितलं नाही ते मी कधी लिहिलं नाही. दाढेबरोबर अक्कलही काढून आले असं वाटलं का?"

त्यांनी वही ओढली आणि शून्यांशेजारी ठसठशीत लिहिलं: वाट्या सुतळीने बांधल्या होत्या. बांधणारा, माझा जावई.

"अहो आई, निदान नातं तरी..."

"खोटं आहे का? मग राहू दे. चढा, सुतळी सोडा."

जावई खांबाला मिठी मारून चढला. गाठ सुटताच वाट्या अशा सुटल्या की त्याची बोटं थोडक्यात वाचली.

"साहेब, या बाहेर. काटा तुम्ही वाचायचा, सही तुम्ही करायची. मग बंद करा ठाणं, पण त्या आकड्याखाली सही करून करा!"

दहा पावलांसाठी साहेबांना वाकून, डोळे मिटून जावं लागलं.

"ताशी बहात्तर किलोमीटर!"

"मोठ्याने! ऐकू येत नाही!"

"बहात्तर हो, बाई!"

साहेबांनी सही केली. हुकूम खिशातून बाहेर आलाच नाही. उतरताना मात्र कान ठणकायला लागले, म्हणून त्यांनी सासूबाईंची कानटोपी मागून घेतली. ती अजून परत आलेली नाही. मागायला सासूबाई खाली जाणार नाहीत, आणि पुन्हा वर यायला साहेब धजत नाहीत.