एका दिवसापुरती हिरवी बाग

लॅबमावशींनी तेहतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वसाहतीमागची राडारोड्याची जागा मागून घेतली आणि आम्हां अकरा रिकामटेकड्या पोरापोरींना कामाला जुंपलं. प्रत्येकाला एक वाफा. नियम एकच: मेलेलं रोप गुपचूप बदलायचं नाही. रविवारी सगळ्यांसमोर ते मुळासकट उपटायचं, मुळं धुऊन बघायची आणि का मेलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आम्ही त्याला पोस्टमॉर्टेम म्हणायचो.

"पाणी जास्त झालं," एकदा रॉकेट म्हणाली. रॉकेट म्हणजे आमच्यातली सगळ्यांत उंच मुलगी; तिला कशाचीही घाईच.

"झालं, की तू घातलंस?"

"मी घातलं, मावशी."

"हां. आता बोललीस!"

"माझं तर घरी रोज होतं पोस्टमॉर्टेम," कुंपणापलीकडून काका, म्हणजे मावशींचे यजमान, ओरडायचे.

तिसऱ्या वर्षी गाड्या लावायला जागा पुरेना, तेव्हा अर्धी वसाहत बागेवर उलटली. कमिटीने ठरवलं, शनिवारी बघू. बाग नीट दिसली तर राहील, नाहीतर फरशी घालू. नेमकी त्याच आठवड्यात कीड पडली. अकरापैकी सात वाफे उजाड झाले.

शक्कल रॉकेटची. तिच्या मामाची रोपवाटिका होती. शनिवारी सकाळी टेम्पो आला. फळं धरलेली टोमॅटोची आणि वांग्याची रोपं आम्ही काळ्या पिशव्यांसकट मातीत पुरली, कारण संध्याकाळी ती परत करायची होती. आम्ही वरून माती लोटत असतानाच मावशी आल्या. त्यांनी एका रोपाच्या बुडाशी बोट खुपसलं. बोटाला प्लास्टिक लागलं.

"मावशी, फक्त आजच्यापुरतं," रॉकेट म्हणाली. "नाहीतर बाग गेलीच समजा."

तेवढ्यात कमिटी आलीच.

"वा! हे सगळं पोरांनी वाढवलं?" अध्यक्षांनी विचारलं.

आम्ही सगळे मावशींकडे बघत राहिलो. त्या सांगून टाकतील अशी मला भीती होती. आणि त्यांनी सांगावं असंही वाटत होतं.

"पोरं मेहनती आहेत," मावशी म्हणाल्या.

बाग वाचली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. संध्याकाळी टेम्पो रोपं घेऊन गेला. मावशी पाइप गुंडाळत होत्या. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

महिन्याभरात पुन्हा लागवड झाली, पण रविवारी उपटायला एकही मेलेलं रोप मिळेना. ज्याचं मरायचं, तो आदल्या दिवशीच नवं आणून लावायचा. शेवटी मावशींनी एका टवटवीत मिरचीपुढे बसकण मारली.

"ही कधीची रे?"

"पहिल्यापासूनचीच," वाफेवाला त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाला.

"माझ्याशी खोटं बोलतोस?"

"तुम्हीच तर, मावशी..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं आणि हसला. बाकीचेही हसले. मीही हसलो.

मावशी गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू उठल्या.

त्यानंतर त्यांनी अगदी टोकाचा एक वाफा स्वतःकडे घेतला. रोज येतात, आमच्याकडे पाठ करून तेवढ्यातच काम करतात आणि जातात. आमच्यापैकी कुणी त्यांना हाक मारत नाही.